ग्रेमार्शला केलेला अर्ज

सोमवार, २ फेब्रुवारी २०२६. आकुर्डी.
थंडी बेताची. नळाला पाणी ५.५० ते ६.४०. कंपनीची बस ६.२० ला कोपऱ्यावर आली, दोनदा हॉर्न दिला, गेली. ज्ञानेश आजही कामावर गेला नाही. रविवार सोडून चौथा दिवस. सकाळी अर्धा कप चहा. दुपारी एक पोळी, मेथी तशीच टाकली. दिवसभरात एकदाच बोलला, "दार लोटून घे." साडेचारला सयाजी येऊन गेला. शुक्रवारी सकाळी साडेसातपर्यंत मुदत आहे, असे त्याच्याकडून कळले.

एवढं लिहून विजयश्रीबाईंनी पेनाला टोपण लावलं. सोळाव्या वर्षापासून आजतागायत, म्हणजे अठ्ठावन्न वर्षं, त्यांचा डायरीचा नेम चुकला नव्हता. वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत हेडक्लार्क होते. लेकीला इंग्रजी आलं पाहिजे या एका हट्टापायी त्यांनी तिला पुण्याच्या कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं. तिथल्या नन्सनी तिच्या अंगात दोन गोष्टी मुरवल्या. घडलेलं त्याच दिवशी लिहून ठेवायचं, आणि लिहायचं ते खरं लिहायचं. नवरा, यशवंतराव, गेले त्या दिवशीसुद्धा बाईंनी वेळ लिहिली होती, डॉक्टरांचं नाव लिहिलं होतं, सोबतीला कोण कोण थांबलं ते लिहिलं होतं. रडल्या त्या दुसऱ्या दिवशी. तेही लिहिलेलं आहे.

ज्ञानेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. वय त्रेचाळीस. लहानपणापासून त्याचं बोलणं मोजकं. पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला उभं केलं की तो मोरीत जाऊन बसायचा आणि पाहुणे जिना उतरल्याशिवाय बाहेर यायचा नाही. आकुर्डीलाच डिप्लोमा केला आणि चाकणजवळ, निघोज्याच्या हद्दीत, गिअरबॉक्सचे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला लागला. काम एकच, भोकं तपासायची. त्यासाठी वीतभर लांबीचा एक लोखंडी गेज असतो. त्याचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे, ते 'गो'. दुसरं टोक जाताच कामा नये, ते 'नो-गो'. पहिलं गेलं आणि दुसरं अडलं तर माल पास. नाहीतर लाल खडूची फुली आणि वहीत नोंद: नंबर, वेळ, कारण. एकोणीस वर्षांत कुणाच्या सांगण्यावरून त्यानं फुली पुसली नाही आणि कुणावरच्या रागानं मारलीही नाही. त्यामुळे तो साहेबांच्या मर्जीतला नव्हता, पण त्याच्या वाटेला कुणी जातही नसे.

लग्न झालं होतं. पूनम चांगली मुलगी होती. चौदा महिने राहिली. जाताना सासूबाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "आई, त्यांचं काही चुकलं नाही हो. पण मी एकटीनं किती बोलायचं?" तो दिवस लिहिताना विजयश्रीबाईंनी तिच्याविरुद्ध एक वाकडा शब्द लिहिला नाही.

अशा माणसाला बोलकं केलं ते एका गेमनं.

ग्रेमार्श त्याचं नाव. कॉम्प्युटरवर खेळायचा. आपण त्यात एक माणूस व्हायचं, नाव, गाव, धंदा निवडायचा आणि त्या माणसाचं आयुष्य जगायचं. मध्ये एक तटबंदीचं शहर आणि भोवती मैलोन्‌मैल दलदल. दलदलीतलं पाणी चढायला लागतं तशी तिथली माणसं पोराबाळांसकट शहराच्या दरवाज्याशी येऊन उभी राहतात. दरवाजा उघडायचा की बंद ठेवायचा, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं, आणि पुढची सगळी गोष्ट त्यावर फिरते. यशवंतराव गेल्यानंतरच्या वर्षी ज्ञानेशनं हा गेम आणला. कधी दरवाजा उघडून, कधी बंद ठेवून, तो सव्वीस वेळा अथपासून इतीपर्यंत खेळला.

या गेमवर जीव टाकणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक फोरम होता. विजयश्रीबाई त्याला चावडी म्हणत. माणसं बहुतेक अमेरिकेतली. आधी आधी तलवार कुठली चांगली, होडी कुठे मिळते, असल्या गप्पा चालत. मग तिकडे निवडणूक आली आणि गेममधला दरवाजा त्यांच्या देशाच्या सरहद्दीचा दरवाजा होऊन बसला. उघडा म्हणणारे एका पक्षाचे, बंद ठेवा म्हणणारे दुसऱ्याचे. माणसं एकमेकांच्या आईबापांवर घसरली. फोरमचा मालक ओहायोतला एक म्हातारा होता, ओल्ड हेरन या नावानं लिहायचा. तो टेकीला आला आणि त्यानं सगळ्यांना विचारलं, इथे पंच म्हणून कुणी बसेल का?

पुढे झाला तो ज्ञानेश. नाव घेतलं, गो-नोगो.

दहा वर्षं त्यानं ती पंचगिरी केली, आणि केली ती अगदी कंपनीतल्यासारखी. काढून टाकलेल्या प्रत्येक मजकुराची, फोरमवरच सगळ्यांना बघता येईल अशा वहीत नोंद: नंबर, वेळ, कारण. मुद्द्यावर बोलाल तर पास, माणसावर घसराल तर फुली. लिहिणारा कुठल्या पक्षाचा, ते बघायचं नाही. रोज पहाटे पाच ते सहा, बस यायच्या आधी, तो हे काम उरकायचा. तेव्हा तिकडे संध्याकाळ असते आणि माणसं कामावरून येऊन भांडायला बसलेली असतात.

त्याच्या नोटिशींचं इंग्रजी आई तपासून द्यायची, चहा टाकता टाकता.

"आई, 'न्यूट्रल' लिहू का 'इम्पार्शल'?"

"इम्पार्शल. न्यूट्रल म्हणजे कुंपणावर बसलेला. तू निवाडा देतोयस."

हळूहळू बाईंनाही गोडी लागली. "आज दरवाजा उघडला का रे?" असं त्या विचारायच्या.

"तुला काय वाटतं, उघडावा?"

"शहरात पाणी किती येतं ते आधी विचार म्हणावं. आपल्यासारखं दिवसाआड येत असेल तर इतक्या माणसांना आत घेऊन पाजणार काय?"

ज्ञानेश हसत सुटला. त्यानं ते तसंच्या तसं इंग्रजीत लिहून टाकलं, आणि दोन्ही पक्षांच्या मिळून एकशेचाळीस लोकांना ते आवडलं. त्या दिवशीच्या डायरीत हा आकडा आहे.

त्या लोकांना गो-नोगो आवडायचाच. जुन्या वळणाचं, अदबीचं इंग्रजी. शिफ्ट, कँटीन, गिअरबॉक्स, युनियन यांच्या गोष्टी. मिशिगनकडच्या मोटारींच्या कारखान्यातला कुणी वयस्कर फोरमन असणार, असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. ज्ञानेश खोटं कधी बोलला नाही. पण एकदा एकानं विचारलं, "तुमच्याकडे बर्फ फार पडलाय म्हणे. प्लांटला पोचायला त्रास होतो का?" तर यानं उत्तर दिलं, "रस्ता फार वाईट आहे. कधी कधी दीड तास लागतो." चाकणच्या रस्त्याबद्दल ते शब्दन्‌शब्द खरं होतं. बर्फाबद्दल तो गप्प राहिला.

"भारतातला आहे म्हणून सांगत का नाहीस?" विजयश्रीबाईंनी त्याला तेव्हाच टोकलं होतं.

"सांगितलं की म्हणतील, तुला काय कळतंय आमच्या देशातलं. कुणी सरळ विचारलं तर सांगीन ना."

सरळ कुणी विचारलं नाही.

आणि परवाच्या बुधवारी, अठ्ठावीस जानेवारीला, ज्या अमेरिकन कंपनीच्या वेबसाइटवर तो फोरम चालत होता तिनं सगळ्यांच्या नावांखाली देशाचं नाव लावून टाकलं. परदेशात बसून, पैसे घेऊन, अमेरिकेच्या राजकारणात काड्या घालणाऱ्यांना हुडकून काढायचं होतं. गो-नोगोच्या खाली आलं, इंडिया.

मग ती नोंदवही लोकांनी उघडली. एका पक्षाची माणसं मोजायला बसली: आमचे दोन हजार बारा मजकूर काढलेस. दुसऱ्यांनी मोजले: आमचे दोन हजार नव्वद. हा समोरच्या बाजूनं पोसलेला भाडोत्री आहे, असं दोघांचंही म्हणणं पडलं. दहा वर्षांत त्यांचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर.

ओल्ड हेरननं मतदान लावलं. गो-नोगोला ठेवायचं की काढायचं. दिलेलं मत मुदतीपर्यंत बदलता येत होतं. मुदत शुक्रवारी सकाळी साडेसातची, आपल्याकडच्या घड्याळानं. काढलं तर नुसती पंचगिरी जाणार नव्हती. नाव जाणार, नोंदवही जाणार, गेमवर त्यानं लिहिलेली तीनशे पानांची मार्गदर्शिका जाणार. त्याआधी त्यानं आपण कोण ते सांगावं आणि लोकांना पटवावं, एवढी एक वाट म्हाताऱ्यानं मोकळी ठेवली होती.

ज्ञानेशला एक ओळ लिहिता आली नाही. पाहुण्यांसमोर उभं केल्यासारखी त्याची गत झाली. गुरुवारी सकाळी बसचा हॉर्न वाजला तेव्हा तो अंथरुणातच होता, आणि तेव्हापासून तिथंच.

विजयश्रीबाईंना हे सगळं सोमवारी सयाजीकडून कळलं. सयाजी निघोज्याचा, ज्ञानेशच्या लाइनवरचा ऑपरेटर. कंपनी ज्या जमिनीवर उभी आहे तिच्यातला एक तुकडा त्याच्या बापाचा होता. ज्ञानेशनं त्याला आदल्या दिवशी फोनवर तुटक तुटक काय ते सांगितलं होतं. पहिली शिफ्ट सुटल्यावर तो तसाच गाडी घेऊन आला.

"म्हंजी आसं बगा काकू, भांडणं त्येंची तिकडं अमेरिकेत, आन अंथरूण धरलंय ह्येनं हितं आकुर्डीत. माजा चुलता ग्रामपंचायतीला तीन मतांनी पडला. तीन! दुसऱ्या दिवशी म्हशीच्या धारंला हजर व्हता का न्हाई?"

"हळू रे. आत ऐकू जातंय."

"जाऊ द्या की. ए ज्ञाना! भावा, ऊठ. तुज्या जागी नवा पोरगा बशिवलाय, गेज उलटा धरतोय त्यो. नो-गोचं टोक लावतोय आन म्हणतोय, जात न्हाई, रिजेक्ट! चांगला माल फुल्या मारून ढीग लावलाय राव."

एरवी असं काही ऐकलं असतं तर ज्ञानेश तडक बाहेर आला असता. आतून कूस बदलल्याचासुद्धा आवाज आला नाही. सयाजीचं तोंड उतरलं. दाराशी चपला घालताना तो हलक्या आवाजात म्हणाला, "काकू, एच.आर.नं गुरुवारी बोलावलंय त्याला, खुलासा लिहून आन म्हणून. मी न्हेतो गाडीवर. नोकरीचं काय न्हाई वो, ती ऱ्हाईल. त्येचं डोळं बगितलं का तुमी? जिमिनीचा कागद झाल्यावर माजा बाप आसाच भिंतीकडं बगत पडायचा. वर्स काढलं त्येनं तसं."

वर्षानंतर काय झालं ते विजयश्रीबाईंना ठाऊक होतं. यशवंतराव त्याच्या बापाच्या दहाव्याला निघोज्याला जाऊन आले होते.

मंगळवारी त्या खुर्ची घेऊन मुलाच्या उशाशी बसल्या.

"ज्ञानू, चार ओळी लिही ना. मी तपासून देते."

"काय लिहू?"

"खरं ते. नाव, गाव, काम."

"दहा वर्षं सांगितलं नाही, ते आज सांगू? आज सांगितलं की ती सबब झाली."

"मग माफी माग."

"कसली माफी?" तो ताडकन उठून बसला. "एक तरी नोंद दाखवावी म्हणावं चुकीची. एक! वेळेसकट लिहिलंय सगळं."

त्याच्या आवाजाला धार आली तसं बाईंना बरं वाटलं. त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "हेच लिही," त्या म्हणाल्या.

पण तेवढ्यात तो विझला. "जाऊ दे, आई. मी तिथेच काय तो बोलायचो. आता काय, कंपनीत बॅज नंबर आणि घरी..." वाक्य तसंच सोडून तो पुन्हा आडवा झाला. त्या दिवशी त्यानं दुपारचं ताट झाकलेलंच ठेवलं.

बुधवारी सकाळी विजयश्रीबाईंनी स्वतःच त्याचा कॉम्प्युटर उघडला. बघून बघून त्यांना ते जमायला लागलं होतं. काढा, चारशे बारा. ठेवा, एकशे एकोणतीस. 'ठेवा'कडच्या एकानं खाली लिहिलं होतं, "तो कुठलाही असो, मला त्याचे निवाडे पटले आहेत. त्यानं फक्त समोर येऊन बोलावं." ते वाक्य त्यांनी तीनदा वाचलं. एकशे एकोणतीस माणसं अजून वाट बघत होती. कुणीतरी बोलायलाच हवं होतं, आणि जो बोलायचा तो बोलत नव्हता.

गुरुवारी दहा वाजता सयाजीनं, कामावर रजा टाकून, ज्ञानेशला जवळजवळ ओढूनच गाडीवर बसवलं. विजयश्रीबाईंनी दार लावलं, हात धुतले आणि फुलस्केप कागद घेऊन त्या टेबलाशी बसल्या. पहिला खर्डा फाडला. दुसऱ्यात दोन शब्द बदलले. मग कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात पक्की प्रत काढली, आणि ती शेजारी ठेवून एका बोटानं टाइप करायला लागल्या. बाराला सुरू केलेलं ते काम अडीचला संपलं. ज्ञानेशच्याच नावानं फोरम उघडा होता, तिथेच त्यांनी तो मजकूर टाकला.

वर उजव्या हाताला पूर्ण पत्ता, पिन कोडसकट. त्याखाली तारीख. डावीकडे, प्रति, माननीय ओल्ड हेरन साहेब, ग्रेमार्श फोरम, ओहायो. मग विषय. मग पत्र. इंग्रजीतला तो अर्ज मराठीत सांगायचा तर असा होता:

"आदरणीय महोदय, मी खाली सही करणार एक विधवा असून माझे वय ७४ वर्षे आहे. आपला परिचय नसताना हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल क्षमा असावी. गो-नोगो हा माझा एकुलता एक मुलगा. तो अत्यंत सद्वर्तनी असून त्याने आजवर कोणाकडूनही एक पैसा घेतलेला नाही. आपण भारतात राहतो हे त्याने सांगितले नाही, ही चूक झाली. ती मी त्याच्या वतीने कबूल करते. गेले आठ दिवस त्याने अन्न जवळजवळ वर्ज्य केले आहे व मला त्याच्या जिवाची भीती वाटते. आपण कृपावंत होऊन त्याला पूर्वीच्या जागी ठेवल्यास मी आजन्म आपली ऋणी राहीन. देव आपले व आपल्या कुटुंबाचे भले करो. आपली विश्वासू," आणि खाली संपूर्ण नाव.

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. नन्सनी शिकवलेल्या पद्धतीनं यापेक्षा चांगला अर्ज त्यांनी उभ्या आयुष्यात केला नव्हता. त्यांनी वेळ टिपून ठेवली, २.३५, आणि खूप दिवसांनी कांदा बारीक चिरून दडपे पोहे करायला घेतले.

चारला सयाजी ज्ञानेशला सोडून गेला. "सोमवारपातूर दिलेत काकू. म्हणाले, ये बाबा सोमवारी." ज्ञानेश हातपाय धुऊन आत जाऊन पडला. अर्जाचं बाईंनी एवढ्यात सांगितलं नाही. तिकडे अजून लोक झोपलेले होते, हा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता.

साडेपाचला ज्ञानेशचा फोन वाजायला लागला. एकदा टिंग झालं, मग पुन्हा, मग थांबेचना. विजयश्रीबाई पोह्यांची ताटली घेऊन त्याच्या दाराशी आल्या तेव्हा तो उठून बसला होता आणि अंगठ्यानं पडदा वर सरकवत होता. त्याचे ओठ वाचताना हलत होते, शाळेत हलायचे तसे.

"वा, विधवा आली! मी वाटच बघत होतो," एकानं लिहिलं होतं.

"बँकेचा खाते नंबर आता मागणार की उद्या?"

"माझ्या मेलमध्ये अशा अकरा विधवा आहेत. सगळ्याच माझ्या भल्यासाठी देवाला सांगत असतात."

"हे माणसानं लिहिलेलं नाही. मशीनकडून लिहून घेतलंय. कुणाची आई असं लिहिते?"

आणि कालच्या त्या माणसानं, ज्याचं वाक्य बाईंनी तीनदा वाचलं होतं, त्यानं लिहिलं होतं, "मी आजवर गो-नोगोच्या बाजूनं होतो. स्वतःच्या आईचं सोंग घेणाऱ्याच्या बाजूनं मला राहता येणार नाही."

"आई," ज्ञानेशनं मान वर केली, "हे तू लिहिलंस?"

"हो. कुठे काही चुकलं का?"

"नाही. एकही चूक नाही."

"मग ते असं का बोलतायत? अकरा विधवा कोण?"

त्यानं फोन पालथा ठेवला आणि सांगायला लागला, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. "फसवणारे मेल असतात, आई. वीस-पंचवीस वर्षं येतायत सगळ्या जगात. त्यांची सुरुवात अशीच असते. मी एक विधवा आहे. आपला माझा परिचय नाही. देव आपलं भलं करो. आणि मग पैसे मागतात."

"मी पैसे कुठे मागितले?"

"नाही मागितलेस."

"आणि मी विधवा आहेच की रे."

"आहेस."

ताटली अजून त्यांच्या हातातच होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली. "त्यांना म्हणावं मी फोनवर बोलते. समोर बसते, तोंड दाखवते. डायऱ्या दाखवते. तुझ्या नोटिशी किती वाजता तपासल्या तेसुद्धा आहे त्यांत, दहा वर्षांचं."

"आता तोंडही बनवता येतं, आई. आवाजही बनवता येतो. वह्यांचं काय घेऊन बसलीस."

तो रागावला असता तर त्यांना चाललं असतं. त्यानं ते सांगितलं ते कंपनीतल्यासारखं, कारणासकट. मग तो उठला आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला. आठ दिवसांत पहिल्यांदा. त्यानं एक ओळ टाइप केली, आणि पहिल्यांदाच आईला न विचारता पाठवली. 'ते पत्र माझ्या आईनंच लिहिलं आहे. तिला बोलू नका.'

विजयश्रीबाई त्याच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. ओळीखाली हसणारे चेहरे उमटायला लागले. पिवळे, गोल, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे. चाळीस झाले, सत्तर झाले. स्वतःबद्दल पहिल्यांदा तोंड उघडलं होतं त्यानं त्या सगळ्यांसमोर. ज्ञानेशनं पडदा बंद केला आणि खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून ठेवली.

शुक्रवारी सहा वीसला बस आली आणि गेली. साडेसातला मायलेक दोघंही कॉम्प्युटरसमोर होते. काढा, एक हजार नऊशे चार. ठेवा, अकरा. गो-नोगो हे नाव पडद्यावरून गेलं. ज्ञानेशनं नोंदवही उघडून बघितली, तिथे काही नव्हतं. मार्गदर्शिका उघडून बघितली. तिच्या जागी कोरं पान आलं. ओल्ड हेरननं सगळ्यांसाठी एक ओळ लिहून ठेवली होती, "दहा वर्षं इथे जो कुणी बसत होता, त्याचे आभार."

"जो कुणी," ज्ञानेश म्हणाला.

"ज्ञानू, माझ्यावर ओरड. ओरड बाबा एकदा."

"नको, आई."

"मी लिहिलं नसतं तर तुझी एकशे एकोणतीस माणसं होती रे तिथे."

"हो." त्यानं मान हलवली, आणि मग, त्यांच्याकडे न बघता, "तशीही पुरली नसती. तू जेवून घे."

खोलीत जाऊन तो भिंतीकडे तोंड करून पडला. सयाजीचा फोन दोनदा येऊन गेला. त्यानं उचलला नाही. तिसऱ्यांदा बाईंनी उचलला, तर सयाजी विचारत होता, "सोमवारी येतोय न्हवं त्यो?" बाईंना हो म्हणता येईना. खरं काय ते माहीत नसताना हो म्हणायची त्यांना सवय नव्हती. "बघते," त्या म्हणाल्या.  पलीकडे कंपनीतल्या मशीनचा घरघराट ऐकू येत होता. "काकू, दार उघडंच ठिवा त्येचं," सयाजी म्हणाला. "आन कडी काढून टाका आतली. मी येतो सुटल्यावर, पाना-पकड घिऊन."

कडी काढायला सयाजी येईपर्यंत विजयश्रीबाईंनी दारात खुर्ची टाकली आणि तिथेच बसून राहिल्या. सयाजी आला, स्क्रू फिरवून कडी काढली, खिशात घातली, ज्ञानेशच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ बसला. ज्ञानेशनं विचारलंही नाही की कडी का काढता म्हणून.

संध्याकाळी त्यांनी डायरी घेतली ती त्याच खुर्चीवर, मांडीवर. मतांचे आकडे लिहिले. अर्ज मी केला होता, असं लिहिलं. कडी काढल्याची वेळ लिहिली. त्याचा श्वास ऐकला, आणि खालची ओळ लिहिली:

गॅसचा सिलिंडर दुपारी १२.४० ला संपला. एकेचाळीस दिवस पुरला. भरलेला खालच्या वॉचमनने वर येऊन लावून दिला; मी दारातली खुर्ची सोडली नाही.